मातीच्या किल्ल्यापासून गडाच्या पायरीपर्यंत

सहामाहीचा शेवटचा पेपर झाला, की महाराष्ट्रातल्या मुलांची नजर जमिनीकडे वळते. कुठल्या इमारतीचं काम चालू आहे, कुणाच्या परसात जुन्या विटा पडून आहेत, वाण्याकडे रिकामं गोणपाट मिळेल का, अशी चौकशी सुरू होते. घरात चकलीच्या भाजणीचा वास सुटलेला असतो, मोठी माणसं खरेदीच्या याद्या करत असतात आणि खाली अंगणात, जिन्याशेजारी किंवा सोसायटीच्या कुंपणालगत पाच-सहा मुलं ढिगाऱ्याभोवती उकिडवी बसलेली असतात. किल्ला कुठला करायचा यावर वाद चाललेला असतो. कुणाला रायगड हवा असतो, कुणाला जंजिरा, आणि सगळ्यांत धाकट्याला नुसता चिखल हवा असतो.

दिवाळीत लहान मुलांसाठी पुष्कळ काही केलं जातं. फराळ मोठी माणसं करतात, कपडे तीच निवडतात, फटाके तीच आणतात आणि सुट्टीत कुठे जायचं तेही तीच ठरवतात. मुलानं फक्त आनंदानं घ्यायचं असतं. किल्ला ही या सणातली अशी गोष्ट आहे, की जी मूल स्वतः करतं आणि मोठ्यांनी त्याच्या हाताखाली काम करायचं असतं. लहान मुलांबरोबर सण कसा साजरा करावा आणि त्यांना सहलीला कसं न्यावं, या दोन्ही प्रश्नांचं उत्तर मला या मातीच्या ढिगाऱ्यात दिसतं. मुलाला काम द्यावं आणि त्याच्या वेगानं चालावं, इतकं ते साधं आहे.

ढिगाऱ्याचा डोंगर

किल्ल्याची रीत ठरलेली आहे. आधी दगड, विटा, फुटक्या कुंड्या रचून उंची गाठायची. गोणपाट पातळ चिखलात बुडवून त्यावर पसरायचं. त्याला आपोआप घड्या पडतात आणि त्या घड्यांमधून डोंगराच्या सोंडा आणि घळी तयार होतात. मग चाळलेली माती लिंपायची, बुरूज थापायचे, तटबंदी ओढायची, काडीनं दगडांच्या रेघा मारायच्या. पायऱ्या सगळ्यांत अवघड. त्या ओल्या मातीत कापाव्या लागतात आणि वाळताना त्यांच्या कडा ढासळतात. पोटात एखादी गुहा, गुहेत वाघ. पायथ्याशी जुनं पातेलं पुरून केलेलं तळं. सगळं झालं, की उतारावर अळीव किंवा मोहरी पेरायची आणि हलक्या हातानं पाणी शिंपडत राहायचं. चार-पाच दिवसांत डोंगर हिरवा होतो. म्हणून किल्ल्याला वसुबारसेच्या आधीच हात घालावा लागतो. उशीर झाला, तर लक्ष्मीपूजनाला डोंगर उघडा राहतो.

यानंतर चित्रं मांडायची. किल्ल्यावरच्या मातीच्या बाहुल्यांना पुण्याकडची मुलं चित्रंच म्हणतात. सिंहासनावरचे महाराज सगळ्यांत वर, दाराशी भालदार-चोपदार, तटावर मावळे आणि तोफा. खालच्या गावात गवळण, शेतकरी, भाजीवाली, विहिरीवर पाणी भरणारी बाई. आणि बऱ्याच किल्ल्यांवर एखादा वाहतूक पोलीस, एखादा क्रिकेटपटू, एखादं विमानही. मोठ्यांना ते उचलून बाजूला ठेवायचा मोह होतो. तो आवरावा. चार वर्षांच्या मुलाला त्याच्या ओळखीची सगळी माणसं त्या गावात राहायला हवी असतात. काळाची ओळख त्याला पुढे होईलच. आज ते गाव वसवायला शिकत आहे.

या कामाची वाटणी वयानुसार आपोआप होते, हे मला त्यातलं सगळ्यांत मोलाचं वाटतं. तीन वर्षांचं मूल चिखल कालवतं. पाच वर्षांचं अळीव पेरतं आणि रोज सकाळी उठून कोंब आले का ते बघतं. सात-आठ वर्षांचं तटबंदी रचतं, पाच-सहा वेळा पाडून पुन्हा रचतं. बारा वर्षांची ताई किंवा दादा नकाशा काढून सगळ्यांना कामं नेमून देतो. आजोबा गोणपाट आणून देतात, आई जुनी चाळण देते, बाबा विटा उचलतात. कुणालाही नुसतं बघत बसावं लागत नाही. एरवी एका घरातल्या तीन वयांच्या मुलांना एकाच गोष्टीत दिवसभर गुंतवणं किती कठीण आहे, हे प्रत्येक आईला माहीत असतं. किल्ल्यापुढे ते सहज घडतं.

अंगण आटलं तेव्हा

वाड्यांची जागा इमारतींनी घेतली, अंगणाच्या जागी वाहनतळ आला आणि उरलेल्या जमिनीवर सिमेंटचे ठोकळे बसले. शहरातल्या मुलाला आज किल्ल्यासाठी आधी माती शोधावी लागते. पुण्या-मुंबईत दिवाळीच्या तोंडावर पोत्यांतून माती विकत मिळते. रंगवलेले तयार किल्लेही रस्त्याकडेला ओळीनं मांडलेले दिसतात. घरी आणायचा, टेबलावर ठेवायचा, चित्रं मांडायची, पाच मिनिटांत काम पूर्ण. ज्या घरात गॅलरीखेरीज जागाच नाही, त्यांची अडचण मी समजू शकतो. तरीही मला ठामपणे म्हणावंसं वाटतं, की गॅलरीत जुन्या परातीत दोन घमेली माती घालून केलेला हातभर किल्लासुद्धा त्या तयार किल्ल्यापेक्षा चांगला. त्यात मुलाचा हात चिखलात जातो, काहीतरी कोसळतं आणि पुन्हा उभं राहतं.

किल्ला टिकवण्यात स्पर्धांचा मोठा वाटा आहे. पुण्यात जंगली महाराज रस्त्यावरच्या छत्रपती संभाजी उद्यानात महापालिकेतर्फे दिवाळीत किल्ल्यांची स्पर्धा आणि प्रदर्शन भरतं. संध्याकाळी तिथे लहान मुलांना खांद्यावर घेतलेल्या बाबांची रांग असते. बेळगावात गल्लोगल्ली मंडळांचे किल्ले उभे राहतात आणि दिवाळीच्या रात्री ते बघत फिरणं हीच तिथल्या कुटुंबांची सहल असते. अशा ठिकाणी तरुण मुलं खऱ्या गडाचे नकाशे अभ्यासून, मापं काढून अप्रतिम प्रतिकृती करतात.

पण स्पर्धेच्या किल्ल्याभोवती एक काळजी घ्यायला हवी. किल्ला जसा नेटका होत जातो, तशी लहान मुलं मागे सरकतात. परीक्षक येणार म्हणून धाकट्यांना हात लावू दिला जात नाही. दोरी बांधली जाते. ज्या मुलांसाठी हा खेळ होता, ती दोरीबाहेर उभी राहतात. सोसायट्यांनी आणि मंडळांनी मोठ्या किल्ल्याशेजारी एक मोकळा ढिगारा फक्त सात वर्षांखालच्या मुलांसाठी ठेवावा, त्याला क्रमांक देऊ नये, बक्षीस सगळ्यांना सारखं द्यावं. खर्च काहीच नाही आणि पुढच्या दहा वर्षांचे किल्लेकरी तिथेच तयार होतील.

बारा गड आणि एक जुनं शहाणपण

११ जुलै २०२५ रोजी पॅरिसमध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा समितीनं मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे महाराष्ट्रातले अकरा, आणि तमिळनाडूतला जिंजी. डोंगरी, जंगलातले, पठारावरचे, किनाऱ्यावरचे आणि बेटांवरचे असे सगळे प्रकार त्यात आहेत. जमिनीचा आकार ओळखून तिच्यावर संरक्षणाची रचना बसवणं, हे मराठ्यांच्या दुर्गरचनेचं वैशिष्ट्य या यादीनं जगापुढे ठेवलं.

अंगणातल्या मुलाला हे वैशिष्ट्य मोठ्या शब्दांत सांगायची गरज नाही. त्याला ते हातानं कळतं. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात दुर्गांवर स्वतंत्र प्रकरण आहे. किल्ला बांधण्याआधी तिथे पाणी आहे का ते पाहावं, नसेल तर खडक फोडून तळी-टाकी करावीत, दरवाजा सरळ माऱ्यात येणार नाही असा आडोशाला ठेवावा आणि त्याच्यापुढे बुरूज घालावेत, असा त्यातला सल्ला आहे. मातीच्या किल्ल्यात पातेलं पुरून तळं करणारं मूल त्यातला पहिला नियम पाळत असतं. दुसरा नियम शिकायला मात्र त्याला खऱ्या गडावर न्यावं लागतं. तिथूनच दिवाळीच्या सुट्टीतल्या सहलीचा खरा विषय सुरू होतो.

दिवाळी ही त्यासाठी उत्तम वेळ आहे. पावसानं निसरड्या झालेल्या पायऱ्या वाळलेल्या असतात, गवत अजून पुरतं करपलेलं नसतं, टाक्यांत पाणी असतं, हवा स्वच्छ असल्यानं लांबचे डोंगर दिसतात. उन्हाळ्यात लहान मुलाला गड चढवणं हा त्याच्यावर अन्याय आहे. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारच्या गर्दीत नेणं हा धोका आहे.

कुठल्या वयाला कुठला गड

गड निवडताना आईबाबा बहुधा स्वतःच्या आवडीनं निवडतात. गड मुलाच्या पायांनी निवडावा.

दोन-तीन वर्षांच्या मुलासाठी पन्हाळा. कोल्हापूरपासून साधारण वीस किलोमीटरवरच्या या गडावर गाडी थेट वर जाते, मोठा भाग सपाट आहे आणि गडावर वस्ती आहे. तीन दरवाज्यातून आत-बाहेर पळणं, सज्जा कोठीच्या झरोक्यातून खालचं खोरं बघणं, अंबरखान्याच्या उंच कोठारांत आपलाच आवाज घुमताना ऐकणं, एवढ्यावर अर्धा दिवस छान जातो. इतकं धान्य कुणासाठी साठवायचे, या प्रश्नावरून १६६० सालच्या सिद्दी जौहरच्या वेढ्याची गोष्ट सांगता येते. महिनोन् महिने गडाबाहेर पडता येत नसेल तर जेवायचं काय, हे लहान मुलाला लगेच कळतं.

पुणेकरांसाठी सिंहगड. इथेही रस्ता वरपर्यंत जातो आणि देवटाक्याचं थंडगार पाणी, पिठलं-भाकरी, कांदाभजी आणि मडक्यातलं दही मुलांना तानाजी मालुसऱ्यांच्या पराक्रमाइतकंच लक्षात राहतं. त्यात काही वाईट नाही. जिथे पोट भरलं त्या जागेवर मुलाचा जीव जडतो.

चार-पाच वर्षांचं मूल पायऱ्या चढू लागलं, की जुन्नरचा शिवनेरी. साखळीची वाट मोठ्यांसाठी ठेवावी आणि सात दरवाज्यांच्या पायऱ्यांच्या वाटेनं जावं. दरवाजे मोजत चढलं, की मुलाला चढण जाणवत नाही, कारण प्रत्येक दरवाजा हा विसाव्याचा टप्पा होतो. वर शिवाजी महाराजांचं जन्मस्थान आहे, पाळणा आहे आणि शिवकुंजात जिजाऊंशेजारी उभे असलेले बालशिवाजी आहेत. इतिहासातला एवढा मोठा माणूस एके काळी आपल्याएवढा होता, हे पाच वर्षांच्या मुलाला इथे डोळ्यांनी दिसतं. दुसऱ्या कुठल्याही गडाला हे इतकं जमत नाही.

सहा-सात वर्षांच्या मुलांसाठी लोहगड. मळवली स्थानकात लोकलमधून उतरायचं, ही मुलांच्या दृष्टीनं सहलीची अर्धी मजा. लोहगडवाडीपासून चांगल्या पायऱ्या आहेत आणि गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा असे चार दरवाजे एकामागून एक नागमोडी वळणं घेत येतात. वरून पुढे झेपावलेला विंचूकाटा दिसतो. तो दाखवला, की मुलं त्याला नांगी कुठे आहे ते शोधत बसतात.

समुद्र आवडणाऱ्या मुलासाठी मालवणचा सिंधुदुर्ग. १६६४ मध्ये काम सुरू होऊन १६६७ मध्ये पुरा झालेला हा किल्ला कुरटे बेटावर आहे. धक्क्यावरून होडीनं जायचं असतं आणि जाताना प्रत्येकाच्या अंगात तरणजाकीट असल्याची खात्री करायची असते. दार इतकं दडवलेलं आहे, की होडी जवळ येईपर्यंत ते दिसतच नाही. ‘बाबा, आत कुठून जायचं?’ हा मुलांचा ठरलेला प्रश्न. आत दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन विहिरी आहेत. चारही बाजूंना खारा समुद्र आणि मध्ये गोडं पाणी, याचं नवल लहान मुलं मोठ्यांपेक्षा कितीतरी अधिक करतात. चुन्यात उमटलेला महाराजांचा हात आणि पाऊल बघून प्रत्येक मूल आपला तळहात मनातल्या मनात त्याला लावून बघतं.

राजगडाचा बालेकिल्ला आणि १,५६७ मीटर उंचीचा साल्हेर हे गड मूल दहा-बारा वर्षांचं होईपर्यंत राखून ठेवावेत. वाट पाहायला लावणारा एखादा डोंगर लहानपणी असावाच.

हिरकणीचा गड

रायगडाला वयाची अट नाही. पायऱ्यांची चढण मोठ्यांचीही दमछाक करते, पण हिरकणीवाडीतून १९९६ पासून रज्जुमार्ग चालू आहे आणि तान्हं बाळ, आजी, गुडघे दुखणारे आजोबा असे सगळे काही मिनिटांत वर पोहोचतात. सुट्टीच्या दिवशी पाळण्यासाठी मोठी रांग लागते, म्हणून सकाळी लवकर पोहोचावं.

बाजारपेठेच्या सरळ ओळी, गंगासागर तलाव, ६ जून १६७४ ला जिथे राज्याभिषेक झाला ती राजसभा, जगदीश्वराचं देऊळ, हे सगळं बघावंच. पण लहान मुलांबरोबर गेलेल्या कुटुंबानं हिरकणी बुरुजाची गोष्ट सांगितल्याशिवाय खाली उतरू नये. गडावर दूध घालायला आलेली गवळण, कोजागरीची संध्याकाळ, सूर्यास्ताला बंद झालेले दरवाजे आणि खाली घरात एकटं राहिलेलं तान्हं बाळ. ती आई अंधारात तो कडा उतरून गेली. महाराजांनी तिचा गौरव केला आणि त्या जागी बुरूज बांधून तिचं नाव दिलं, अशी ही आख्यायिका. शिवचरित्रातल्या बहुतेक गोष्टी तलवारीच्या आहेत. ही गोष्ट बाळाची आहे, म्हणून ती सांगताना मूल आईला चिकटून बसतं. राज्याच्या राजधानीत एका आईच्या नावाचा बुरूज आहे, हे मुलींना आणि मुलग्यांनाही लहानपणीच माहीत असलं पाहिजे.

मुलाच्या वेगाची वाट

छोट्या मुलांना घेऊन गडावर जाणाऱ्यांनी काही गोष्टी पाळल्या, तर सहल सुखाची होते. एका दिवशी एकच गड. पहाटे निघून ऊन चढायच्या आत वर पोहोचावं. मोठ्या माणसाला लागतो त्याच्या दुप्पट वेळ धरावा, कारण मूल मुंगळा बघायला थांबणार, दगड खिशात भरणार आणि एकाच पायरीवरून दहा वेळा उडी मारणार. ती त्याची सहल आहे. वर पोहोचणं ही आपली घाई असते. दमलं तर खांद्यावर घ्यावं, झोप आली तर झाडाखाली चादर अंथरून झोपू द्यावं. अर्ध्या वाटेवरून परतावं लागलं, तरी त्याला हरल्यासारखं वाटू देऊ नये.

पाणी जास्त न्यावं. घट्ट बसणारे बूट, टोपी, कपड्यांचा एक जादा जोड आणि घरचे पराठे किंवा दशम्या. कड्याजवळ आणि टाक्यांपाशी मुलाचा हात सोडू नये. पायऱ्या संपताच पाण्यानं भरलेलं खोल टाकं समोर येतं, असं बऱ्याच गडांवर आहे. माकडांसमोर खाऊची पिशवी उघडू नये. कड्याला आग्या मोहोळ दिसलं, तर आरडाओरडा, धूर आणि उग्र अत्तर टाळावं. आणि कचरा खाली आणायचं काम मुलाकडे द्यावं. पिशवी त्याच्या हातात असली, की ते मोठ्यांनाही टोकतं.

शासनाकडे आणि पुरातत्त्व खात्याकडेही मागणं आहे. जागतिक वारशाचा मान मिळालेल्या गडांच्या पायथ्याशी स्वच्छ शौचालय, पिण्याचं पाणी आणि बाळाला पाजायला आडोशाची खोली हवी. आज अनेक आया बाळ दूध तोडेपर्यंत गडाचा विचारच करत नाहीत. हिरकणीच्या महाराष्ट्रात ही सोय आधी व्हायला हवी होती. माहितीफलक मुलांच्या उंचीला आणि मुलांना समजेल अशा मराठीत असावेत.

पुढच्या वर्षीचा किल्ला

गड पाहून आलेल्या मुलाचा पुढचा किल्ला वेगळा असतो. आदल्या वर्षी त्याच्या किल्ल्याचं दार पायऱ्यांच्या नाकासमोर होतं. आता ते दोन बुरुजांच्या मागे वळणावर जातं, कारण रायगडाच्या महादरवाज्यासमोर उभं राहून त्यानं बघितलेलं असतं, की जवळ जाईपर्यंत दार दिसत नाही. आता तळं पायथ्याशी नसतं, वर असतं. आता चोरदरवाजा असतो. कुणी धडा दिलेला नसतो, परीक्षा घेतलेली नसते. हातानं केलेलं डोळ्यांनी पडताळलं आणि पुन्हा हातानं केलं, इतकंच घडलेलं असतं. शिकण्याचा याहून पक्का मार्ग मला माहीत नाही. गो. नी. दांडेकरांनी ‘दुर्गभ्रमणगाथा’सारख्या लेखनातून दुर्गप्रेमींच्या पिढ्या घडवल्या. त्या परंपरेचं पहिलं पाऊल आजही घराच्या अंगणातच पडतं.

तुळशीच्या लग्नापर्यंत किल्ला ठेवायची रीत आहे. शेवटी सुतळी बॉम्ब लावून तो उडवायची खोडी काही ठिकाणी चालते. ती बंद करावी, कारण त्यात मुलं भाजतात, आणि मुलांनी आठवडाभर उभारलेलं उडवून द्यायचं शिकवावं तरी कशाला? चित्रं कागदात गुंडाळून डब्यात ठेवावीत, विटा जागेवर न्याव्यात, माती झाडांच्या आळ्यांत घालावी.

म्हणून या दिवाळीत प्रत्येक घराला आणि सोसायटीला एक विनंती आहे. मुलांना चार हात जागा द्या, चार घमेली माती द्या, एक आठवडा कपडे मळल्याबद्दल रागावू नका. भाऊबीज झाली, की एक दिवस काढून त्यांना जवळच्या गडावर घेऊन जा आणि त्यांच्या पावलांनी चाला.